मास्तरांनी काढलेली बटणं

गल्लीत त्यांना सगळे मास्तर म्हणत. शाळेतले नव्हेत, शिलाई मशीनवरचे. कापड समोर आलं की त्यांच्या बोटांना दम निघत नसे. "तुमचे हात तुमच्या आधी जन्माला आलेत," असं बायको म्हणायची.

तिला अर्धांगाचा झटका आला आणि उजवा हात लुळा पडला. जीभ मात्र लवकरच ताळ्यावर आली, पहिल्यासारखीच तिखट. व्यायाम शिकवायला येणाऱ्या बाईंनी बजावलं होतं, "मास्तर, गाऊनची बटणं यांनाच लावू द्या. आज काजापर्यंत नेलं तरी पुष्कळ. उद्या जरा आत जाईल. रोज तीळभर सुधारणा, पण त्यांच्याच हातानं."

मास्तरांनी मान डोलावली. पण सकाळी ती बटणाशी झगडू लागली, कपाळावर घाम आला, की त्यांना बघवेना. "राहू दे गं," म्हणत ते पुढे होत आणि डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच गाऊन बंद.

"अहो, लावू द्या की! होत आलं होतं माझं."

पुढेपुढे ती चिडेनाशी झाली. नुसती हनुवटी वर करून बसायची.

मग मास्तरांना शक्कल सुचली. त्यांनी तिच्या सगळ्या गाऊनांची बटणं काढली, काजं शिवून बुजवली आणि आतून वेल्क्रोच्या चिकटपट्ट्या लावल्या. काम असं बेमालूम की काज कुठे होतं ते शोधून सापडू नये. ती बराच वेळ बघत राहिली. "छान झालंय," एवढंच म्हणाली. मास्तरांना ती शाबासकी वाटली.

बाई मध्यंतरी बाळंतपणाच्या रजेवर होत्या. परत आल्या, तेव्हा तिची मूठ उघडेना.

"बटणं कुठं गेली?" त्यांनी विचारलं.

मास्तर हौसेनं सांगायला लागले आणि अर्ध्यावरच त्यांची नजर तिच्या मुठीवर गेली.

आता एका गाऊनची काजं उसवून, मोठी करून त्यांनी पुन्हा बटणं लावली आहेत. मोठी, कोटाची. सकाळी ती आखडलेल्या बोटांनी बटण काजाकडे ढकलते. ते निसटतं. मास्तर समोरच्या स्टुलावर दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसतात.

"असं बसायला तेव्हाच शिकला असतात तर," ती एकदा म्हणाली. आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

"हो गं," मास्तर म्हणाले.

बटण पुन्हा निसटलं. ते उठले नाहीत.