तात्यांचा पंप

ट्रॉलीवरून पडून माझ्या वडिलांचा, अण्णांचा कणा दुखावला, त्या वर्षी आमच्या घरात कमावते हात उरले दोघींचे, आईचे आणि माझे. आई दुसऱ्यांच्या मळ्यात निंदणीला जायची आणि आमच्याच वीस गुंठ्यांत गवत कमरेला लागलं होतं. मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होते. आमच्या घरातून तिथवर पोचलेली पहिलीच. घरात धड विळा नव्हता, तिथे फवारणीचा पंप कुठला? तो शेजारच्या तात्यांकडून यायचा.

नाशिकजवळच्या आमच्या मखमलाबादच्या शिवारात तात्यांच्या शेवंतीला तोड नव्हती, आणि पंप धुण्यात तात्यांना. फवारणी झाली की पाठीवरचा पंप उतरवून ते चार पाण्यांनी धुवायचे, नोझल काढून फुंकायचे, टाकीत नाक घालून वास घ्यायचे. म्हणायचे, "पंप असा धुवावा, की त्यातलं पाणी गाईपुढं ठेवता आलं पायजे." मागेल त्याला पंप द्यायचे. अट एकच. "तणनाशक यात घालायचं नाय. थेंब राहिला तरी फूल मरतं."

त्या सकाळी मी खोटं बोलले. "तात्या, वांग्यांवर मारायचंय."

"ने की! विचारतीस काय?"

अर्ध्या रानातल्या गवतावर मी तणनाशक मारलं. साडेनऊची बस गाठायची होती, अकराला तत्त्वज्ञानाचा पेपर. पंप एका पाण्यानं विसळला, तात्यांच्या ओट्यावर ठेवला आणि पळाले. मी पंप नेहमी धुऊनच परत द्यायचे. त्या भरवशावर दुसऱ्या दिवशी तात्यांनी त्यात शेवंतीवर मारायचं औषध भरलं.

पेपरात प्रश्न होता : माणूस आपल्या कृतीला जबाबदार केव्हा ठरतो? मी पाच पानं लिहिली. वेगळं वागणं शक्य असेल तरच माणसाला दोष देता येतो, परिस्थितीनं हात बांधलेल्याला नाही, असं ठासून लिहिलं. सरांनी ते वर्गात वाचून दाखवलं.

तोवर तात्यांची शेवंती गेली होती. पानं वळली, कळ्या मुरडल्या. दसरा तोंडावर आलेला. त्यांचा मुलगा अशोक मळ्यात ओरडत होता, "म्हाताऱ्यानं बाटली चुकवली! घरातलं तणनाशक ओतलं. डोळे गेले, आता डोकंबी गेलं!"

तात्या बांधावर बसले होते. मला म्हणाले, "पोरी, मला तर बरोबर बाटली घेतल्याचं आठवतंय. पण आता आठवणीचा बी काय भरवसा?"

मी मान हलवली. हो म्हटल्यासारखी.

त्यानंतर अशोकनं पंपाला त्यांना हात लावू दिला नाही. तात्या ओट्यावर बसून माळा ओवायचे. चहात साखर घालण्याआधी सुनेला डबा दाखवायचे, "साखरच हाय ना गं?" मी रोज त्या ओट्यावरूनच बसला जायचे. आज सांगू, उद्या सांगू. आणि मनात माझीच पाच पानं : अण्णा अंथरुणावर, आई मजुरीला, डोक्यावर पेपर, मी दुसरं काय करू शकत होते?

तीन वर्षांनी बी.ए.चा निकाल लागला. पेढे घेऊन गेले. तात्यांनी पेढा बोटांत फिरवला, नाकाशी धरला आणि सुनेला हाक मारली, "बघ गं, पेढाच हाय ना?"

मग मी सगळं सांगितलं. परिस्थितीही सांगितली.

तात्यांनी पेढा मुठीत धरला. मग म्हणाले, "घाई परिस्थितीची, म्हण. खोटं बी तिच्याच माथी मार. पण तीन वर्षं या ओट्यावरून जाताना तुझं तोंड कुणी दाबलं होतं?"

पाच पानं लिहिणारी मी एवढंच म्हणाले, "माफ करा, तात्या."

"करीन. पण माझे तीन दसरे गेले, ते काय तू देणार हायेस? आधी अशोकला बोलाव. त्याच्यापुढं बोल. मोठ्यानं."

बोलले. अशोक मला जे बोलला ते इथे लिहीत नाही. त्यातला एकही शब्द वावगा नव्हता. तो बोलत असतानाच तात्यांनी पेढा तोंडात टाकला, कुणालाही न विचारता.

"आता पंप आण," ते मला म्हणाले. "चार पाणी. मोजणार हाय मी."

माझ्या नावापुढे बी.ए. लागलं, आमच्या घरातलं पहिलं. आणि त्या दसऱ्याला तात्यांनी स्वतः फवारलेली शेवंती नाशिकच्या फुलबाजारात गेली.