देव ओला हाय अजून

अक्का गेल्याचा फोन आला तेव्हा मी वाळूजला, कंपनीच्या स्टोअरमध्ये माल उतरवून घेत होते. "बरं, निघते," म्हणाले आणि उरलेलं काम शेजारच्या बाईंकडे दिलं. रडू नंतरही फारसं आलं नाही. आता महिना होत आला. मनातून अजून जात नाही ते अक्कांबद्दलचं आश्चर्य.

अक्का माझ्या थोरल्या जाऊबाई. पडेगावच्या घरात आम्ही एकत्र राहायचो. दीर तरुणपणीच गेले आणि अक्कांचा राग असा वाढला की आपटून आपटून भांड्यांना पोचे आले. दूधवाला फाटकाबाहेरूनच हाक मारायचा. मग कधीतरी त्या रोज सकाळी पूजेला बसू लागल्या. देव मोजकेच, पण बाळकृष्णाची आंघोळ तान्ह्या बाळासारखी चालायची. वर्षं गेली तसा राग उतरत गेला... घरात कुणी आवाज चढवला तर त्या नुसत्या हसायच्या. मी म्हणायचे, "अक्का, हे देवाचं नाही, वयाचं काम." त्या म्हणायच्या, "मग तुझं वय कधी व्हायचं गं?"

तरी माझी खात्री होती, ही शांती देव्हाऱ्यापुरती. घंटा, ताम्हण, फुलं काढून घ्या आणि मग बघा.

ते बघायची वेळ आली. अक्कांच्या किडन्या गेल्या. आता उपाय नाही, असं डॉक्टर म्हणाले. त्यांच्या मुलाला आईशी ते बोलवेना, म्हणून मी सांगते म्हणाले. सकाळी दवाखान्यात गेले तर अक्का डोळे मिटून पडलेल्या, आणि दोन्ही हात पांघरुणावर हळूहळू हलत होते. मला वाटलं, भ्रम झाला. सुई लावायला आलेली शबाना सिस्टर म्हणाली, "अम्मा, हात सीधा रखो."

"थांब बेटा. देव ओला हाय अजून."

"कुठला देव, अक्का?" मी विचारलं.

"आपला बाळकृष्ण. मनातल्या मनात आंघोळ घातली. थंडी लई हाय, पाणी तापवून घेतलं."

शबाना आता वैतागणार, असं मला वाटलं. तिनं ट्रे खाली ठेवला. "पोंछो अम्मा, आराम से." आम्ही दोघी उभ्या राहिलो... मूर्ती नव्हती, पंचा नव्हता, आणि ते हात काहीतरी फार नाजूक टिपत होते.

पूजा आटोपल्यावर मी सांगितलं, सरळच. "व्हय का," अक्का म्हणाल्या. "बरं झालं तू सांगितलंस. पोराला जड गेलं असतं." आणि हात शबानापुढं केला. मी त्यांचा चेहरा निरखत होते, कुठं तडा जातो का म्हणून. नाही गेला. शेवटपर्यंत नाही.

आता पूजा माझ्याकडे आहे. कुकरकडे कान ठेवून मी ती उरकते. शांतीबिंती काही मिळालेली नाही. परवा नगर नाक्यावर कंपनीची बस अडकली. हॉर्न, आरडाओरड. मी डोळे मिटून बाळकृष्ण आठवून पाहिला. तो दिसला नाही. अक्कांचे हात दिसले... बस सुटली तरी मी डोळे उघडले नाहीत.