भोपळ्याला पहिली सुरी

अख्ख्या लाल भोपळ्याला बाईमाणूस पहिली सुरी लावत नाही. आमच्याकडे तसंच आणि शेजारी सावित्रम्माकडेही तसंच. भोपळा म्हणजे घरचा थोरला मुलगा, असं मानतात. पुरुषाने एकदा चीर दिली की मग बाईने विळीवर हव्या तेवढ्या फोडी कराव्यात. घरात पुरुष नसला तर बाई भोपळा काखोटीला मारून शेजारी जाते आणि म्हणते, "भावजी, जरा सुरी लावा की."

सावित्रम्मावर ती वेळ कधी आली नाही. नवरा लवकर गेला, पण बसवराज होता. पाच-सहा वर्षांचा असल्यापासून घरचा भोपळा तोच कापायचा. सुरी अडकली की त्याचे कान लाल व्हायचे, पण ती त्याच्या हाताला हात लावायची नाही.

आम्ही शुक्रवार पेठेत राहायला आलो तेव्हा त्याला मिसरूड फुटलं होतं. सावित्रम्मा कडक भाकरी करून विकायची. ज्वारीच्या, पापडासारख्या पातळ. अंगणात तीन दगडांची चूल, शेजारी बाभळीच्या फाट्यांचा ढीग, आणि स्वयंपाकघराच्या पत्र्यावर पसरलेला भोपळ्याचा वेल. वेलाचा पहिला भोपळा उतरला की त्या दिवशी भाकरीला सुट्टी. त्या दिवशी निखाऱ्याची पोळी.

ही पोळी तिच्या अक्कलकोटकडच्या माहेरची. भोपळ्याच्या फाका साल काळी पडेपर्यंत निखाऱ्यावर भाजायच्या. गर खरवडून गुळात आटवायचा, त्यात सुंठ, वेलदोडा आणि भाजलेले तीळ. मग लोखंडी तव्यात तूप सोडून कणकेची जाड पोळी, तिच्यावर गराचा थर, वर दुसरी पोळी, आणि कडेने करंजीसारखी मुरड. तव्यावर पत्र्याचं झाकण, झाकणावर निखारे. खालून-वरून धग लागली की तुपाचा आणि गुळाचा वास गल्लीच्या तोंडापर्यंत जायचा.

"वैनी, वासावर पोट भरू नका. वाटी घेऊन या," ती भिंतीवरून ओरडायची. "आणि लवकर या. आमचा बाळ्या एकटाच तवा चाटून ठेवतोय."

"अव्वा, करपली बघ कड," बसवराज आईला म्हणायचा.

"करपलेली कड मी खाईन. तुला कुठं चालतंय करपलेलं! नवाबाचा नातू."

पुढे बसवराज मालट्रकवर क्लीनर झाला. हेमावतीशी लग्न झालं. ती मंद्रूपची, बोटभर वेणीची, हसताना तोंडावर पदर धरणारी. लग्नाला वर्ष व्हायच्या आत, बहात्तरच्या दुष्काळानंतरचा पाऊस लागला त्या वर्षी, चादरींचे गठ्ठे घेऊन विजापूरकडे निघालेला ट्रक ओढ्याच्या बुटक्या फरशीपुलावरून वाहून गेला. ट्रक सापडला. ड्रायव्हरचं प्रेत दोन कोसांवर बाभळीत अडकलेलं सापडलं. बसवराज सापडला नाही.

"पोहता येतंय त्याला," सावित्रम्मा म्हणाली. "कुटंतरी निघाला असणार. येईल."

त्या वर्षी वेलाला भोपळे लागले. मी म्हटलं, आमच्या ह्यांना पाठवते सुरी लावायला.

"नको. तो आल्यावर कापंल की. भोपळा कुटं नासतोय लगेच!"

तिने भोपळे माळ्यावर कडब्यात ठेवले. पुढच्या वर्षी आणखी. काही अख्खेच वाटून टाकले, पण घरात एकही कापला नाही. नळावर बायका म्हणायच्या, सावित्रम्माच्या माळ्यावर भोपळ्यांचा आठवडी बाजार भरतो. तोंडावर कोणी बोलत नसे.

हेमावती सासूबरोबर, तिच्या अत्तीबरोबर, भाकरी थापत राहिली. कुंकू होतं, गळ्यात मंगळसूत्र होतं, हिरव्या बांगड्या होत्या. नागपंचमीला बायका तिला ओटी भरायला बोलवायच्या की नाही, यावर आधी आपसात कुजबुजायच्या. एकदा धुणं वाळत घालताना ती मला म्हणाली, "वैनी, रांडमुंड म्हणून रडावं तर अत्ती रडू देत न्हाईत. सवाष्ण म्हणून हसावं तर गाव हसू देत न्हाय. मी काय करू, सांगा की." वाळत घातलेलं लुगडं मी उगाच पुन्हा झटकलं.

सत्त्याहत्तर साली तिचा भाऊ संगप्पा मंद्रूपहून आला. गावातला गुरुबसप्पा म्हणून एक शेतकरी होता, बायको बाळंतपणात गेलेली. हेमावतीशी पाट लावायला तो तयार होता. त्यांच्यात विधवेच्या पाटाला, दुसऱ्या लग्नाला, ना नाही. पण सासूच्या तोंडून होकार यायला हवा, आणि होकार म्हणजे मुलगा गेला असं म्हणणं.

"अम्मा, माणूस चांगला हाय," संगप्पा उंबऱ्यावर बसून म्हणाला. "किती दिवस वाट बघायला लावणार पोरीला?"

"आणि उद्या माझा बसवराज आला तर? त्याला काय सांगू, तुझी बायको मंद्रूपला नांदतीय म्हणून?"

"अम्मा, तो..."

"म्हण की. म्हणून दाखव माझ्या दारात!"

संगप्पाने पायात वहाणा घातल्या. हेमावती चुलीपुढून उठली नाही. भाकरी मात्र करपली, आणि ती उलटवायचं दोघींनाही सुचलं नाही.

त्यानंतर काही दिवसांनी माळ्यावरचा एक जुना भोपळा नासून फुटला. पाणी फळ्यांतून गळून खालच्या ट्रंकेवर आलं, आणि ट्रंकेत झिरपून हेमावतीच्या लग्नाच्या इरकली लुगड्यावर. मी विरजण मागायला गेले होते. घरभर आंबूस घाण. हेमावती अंगणात उकिडवी बसून लुगडं धुवत होती. सावित्रम्मा बादलीने पाणी घालत होती. घालता घालता थांबली. सुनेच्या वाकलेल्या डोक्याकडे बघत राहिली. भांगाच्या कडेला, कुंकवाजवळ, दोन-चार केस पांढरे झाले होते.

"कधी झालं गं हे?" तिने विचारलं.

हेमावतीला वाटलं, डागाबद्दल विचारताहेत. "आताच बघितलं, अत्ती. निघंल. साबण लावते."

सावित्रम्माने बादली खाली ठेवली आणि आत गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिची हाक आली. "वैनी, सुरी द्या जरा तुमची. आमची बोथट झालीय."

मी सुरी घेऊन गेले. अंगणात पोत्यावर नवा भोपळा होता, आदल्याच दिवशी वेलावरून उतरवलेला. देठ अजून हिरवा होता. मला हायसं वाटलं. म्हटलं, "थांबा, ह्यांना हाक मारते. घरातच आहेत."

"बोलवू नका त्यांना."

"अहो, पण पहिली सुरी..."

"जिचा थोरला हाय तिनं लावू नये," ती म्हणाली. "मला चालतंय."

तिने भोपळा दोन गुडघ्यांत धरला. सुरी टेकवली आणि दाबली. ती निम्म्यात अडकली. दोन्ही हातांनी मूठ धरून सगळा भार टाकला तेव्हा भोपळा कर्रकन उघडला. आतला केशरी गर, ओल्या बिया. ती तशीच बसून राहिली, दोन्ही फाकांवर हात ठेवून. तिचे खांदे हलत होते.

हेमावती घागर घेऊन दारातून आत आली. तिने पाहिलं. घागर कमरेवरून कधी खाली आली तिला कळलं नसावं. पाणी चुलीपर्यंत वाहत गेलं. ती भिंतीला धरून खाली बसली आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा मोठ्याने रडली. सावित्रम्माने तिला रडू दिलं. मग नाक पुसत म्हणाली, "ऊठ. चूल विझवलीस बघ. निखारे पाडायचेत. तीळ भाज. बिया टाकू नको, धुऊन वाळव."

तिने निरोप धाडला आणि सोमवारी मंद्रूपची माणसं आली. गुरुबसप्पा चाळिशीचा, उन्हाने रापलेला, बोलताना जमिनीकडे बघणारा. सावित्रम्माने निखाऱ्याची पोळी त्याच्या ताटात वाढली.

"गोड लई हाय," तो कसाबसा म्हणाला.

"आज खा गोड. हिच्या हातचं तिखट आयुष्यभर खायचंय," सावित्रम्मा म्हणाली. संगप्पा हसला, आणि चुकलो की काय म्हणून लगेच ताटात बघू लागला.

पाट मंद्रूपला लागायचा होता. हेमावती त्यांच्याबरोबर निघाली तेव्हा सावित्रम्माने तिची ओटी भरली. तांदूळ, खोबऱ्याची वाटी, आणि चिंधीत बांधलेल्या भोपळ्याच्या बिया. मग गुरुबसप्पाकडे वळली.

"वेल लावा दारात. पण भोपळा तुमी कापायचा. कितीबी काम असू दे शेतात, घरी येऊन कापायचा. हिच्या हातात पहिली सुरी द्यायची न्हाय. कबूल?"

"कबूल, अव्वा," तो म्हणाला.

अव्वा ऐकल्यावर तिने पदर तोंडाला लावला.

ते गेल्यावर मी ताटं उचलू लागले. तिने स्वतः पोळीचा तुकडाही मोडला नव्हता. ती चुलीपाशी बसून राखेने तवा घासत होती. कडेला गूळ जळून घट्ट चिकटला होता.

"जेवा की थोडं," मी म्हटलं.

"करपली जरा यंदा," ती तव्याकडे बघत म्हणाली. "त्याला करपलेलं चालत नव्हतं."

आणि पुन्हा मूठभर राख घेतली.