झाकलेलं घड्याळ

मी मोटारीची वाट बघत थांबलो, की भोरच्या तारघरातले मास्तर मला रोज दिसत. चारला सरकारी वेधशाळेची वेळ तारेवर आली, की ते हात वर करून सगळ्यांना गप्प बसवत आणि भिंतीवरचं घड्याळ तिच्याशी जुळवत. नसरापूरची मोटार त्याच घड्याळावर सुटे.

एकदा वादळानं तार तुटली, वेळ आलीच नाही. मास्तरांनी खांद्यावरचा पंचा काढून घड्याळावर टाकला.

ड्रायव्हर चिडला. "अवो, काल तर बरोबर हुतं! आता मोटार कशावर सोडू?"

"अंदाजानं सोडा. खात्री न्हाई ती वेळ म्या दावणार न्हाई."

मामलेदारांनी सांगूनही पंचा हलला नाही.

दोन दिवसांनी तार जोडली गेली. वेळ आली, मास्तरांनी पंचा काढला. घड्याळ अगदी बरोबर निघालं.

"बघा, बरोबरच हुतं की!" ड्रायव्हर म्हणाला.

"व्हय," मास्तर म्हणाले, "पर ते आत्ता कळलं."