मोठेबाबांचं हिंव

मोठेबाबा, म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ, थंडीला थंडी म्हणत नसत. ‘हिंव’ म्हणत. हा शब्द मला पुढे फक्त जुन्या कवितांत दिसला. समुद्रपूरच्या त्यांच्या कापडाच्या दुकानात मात्र तो रोजचा होता.

“इंग्रजीत काय म्हणते तुमची शाळा हिंवाले?” त्यांनी मला एकदा विचारलं.

“विंटर,” मी पुटपुटले.

“हॅट! ते तं कॅलेंडरातलं झालं. अंगाले लागते का ते?”

हिंव कधी आलं, हे घरात तेच ठरवत. ओसरीच्या कोनाड्यात खोबरेल तेलाची बाटली असे. उन्हं वर आली तरी तेल थिजलेलंच असलं की हिंव आलं. मग स्वेटर निघायचे, शेतात गोवऱ्यांवर कणकेचे रोडगे भाजले जायचे. त्याआधी कुणी स्वेटर घातला की विचारत, “काऊन, ताप आला का?”

एका डोळ्यानं त्यांना लहानपणापासूनच दिसत नव्हतं. दुसऱ्यात मोतीबिंदू झाला, तेव्हा बाबा ऑपरेशनचं बोलले. मोठेबाबा म्हणाले, “हिंव पडू दे. गरमीत जखम पिकते.” त्या वर्षी दिवाळी ढगाळ गेली, संक्रांत आली, उन्हं वर आली की तेल पातळच. पुढच्या वर्षीही तेच. त्यांची बायको, आमची मोठी आई, पदरानं त्यांचा चष्मा पुसत म्हणायची, “तुमचं हिंव काई येत नाई, अन् डोया काई थांबत नाई.” ते हसत. थोरल्या भावापुढे बाबांचा आवाज चढत नसे.

एका सकाळी डोळा लाल होऊन ठणकू लागला. वर्ध्याला नेलं. मोतीबिंदू फुगून आतली नस गेली होती. डॉक्टर म्हणाले, आता नजर परत येणार नाही. लवकर आणायला हवं होतं. हे वाक्य बाबा अजूनही मधूनच, स्वतःशी म्हणतात.

त्यानंतर मी भेटायला गेले आणि नेहमीसारखी दारातच उभी राहिले. बऱ्याच वेळानं ते म्हणाले, “कोण हाय? बोलत जाय बाई. तू चूप उभी राह्यते, मले वाटते हवेनं दार हाललं.”

मग मी बोलू लागले. सुचायचं नाही, म्हणून दिसेल ते सांगायची. समोरच्या तारेवर कुणाचं लुगडं वाळतंय, गल्लीत कोण कुणाशी भांडतंय. ते मधेच हात वर करत.

“हळू सांग. पाहून राह्यलो.”

पुढच्या उन्हाळ्यात ते गेले. मला आत्ताशी कुठे नीट सांगता यायला लागलं होतं.