डबा आमच्या आईचा, कौतुक फरहीनचं

आज ऑफिसात माझा इतका जळफळाट झालाय की इथे लिहिल्याशिवाय झोप लागणार नाही.

न्हावा शेव्याला कंटेनरवाल्यांसाठी सॉफ्टवेअर बनवतो आम्ही. शेजारी बसणाऱ्या फरहीनला आज आमच्या कोडमध्ये एक भोक सापडलं. अ‍ॅप ईमेल पाठवताना कनेक्शन एन्क्रिप्ट करतं, म्हणजे मधल्या कुणाला वाचता येऊ नये म्हणून कुलूपबंद करतं, पण पलीकडचा सर्व्हर खरंच आपला आहे का, ते तपासतच नाही.

सापडलं, ठीक आहे. पण साहेबांना कळेना, तेव्हा ही म्हणाली, "सर, आगरदांड्याहून दिघीला बोटीने सुक्या जवळ्याचा डबा पाठवला. कुलूप लावलं, पण धक्क्यावर जो येईल त्याला चावीसकट देऊन टाकला, तर कुलपाचा काय उपयोग?"

साहेब खूश.

अहो, तो डबा माझ्या आईचा आहे. दिघीच्या मावशीला जातो. "तिचं तोंड बघितल्याबिगर देऊ नको" असं बोटवाल्याला बजावते ती आईच. फरहीनला हे जेवताना मीच सांगितलं होतं.

संध्याकाळी आईला फोन केला. वाटलं, ही तरी माझी बाजू घेईल.

आई म्हणाली, "हुशार हाय गो पोर. रविवारी येशील तवा तिच्यासाठी पण एक डबा घेऊन जा."

तुम्ही नेला असता?