गव्हाच्या कोठीतल्या गोळ्या

कुंभार पिंपळगावात कुणाची शुगर वाढली आणि कुणाच्या सुनेला दिवस गेले, हे घरच्यांआधी दैवशालाबाईंना कळायचं. स्वतःचं दुखणं मात्र त्यांनी गव्हाच्या कोठीत दडवलं होतं. छातीत धडधड सुरू झाली की कोठीत हात घालायचा, गोळी गिळायची आणि पदरानं तोंड पुसायचं. लेक शीतल लग्नाची होती. आईचं काळीज अधू म्हटल्यावर लोक पोरीकडे बोट दाखवणारच. झाकली मूठ सव्वा लाखाची.

वाटूरची सोयरीक जमत आली आणि नेमकं पित्ताशयातल्या खड्यांनी डोकं वर काढलं. बाई जालन्याला दवाखान्यात भरती झाल्या. आजाऱ्याला भेटायला जाणं हा आपल्याकडचा धर्मच. त्यामुळे होणाऱ्या विहीणबाई, शालूबाई, केळी-बिस्किटं घेऊन ऐन ऑपरेशनच्या सकाळी खाटेशी हजर. गोळ्या कोठीतच राहिल्या होत्या. आणल्या असत्या तर कुणाला तरी दिसल्या असत्या.

भूल देणाऱ्या मदीहा डॉक्टरांनी धडधड, चक्कर, चालू गोळ्या, सगळं दोनदा विचारलं. ईसीजीची पट्टीही त्या दिवशी अगदी साळसूद निघाली होती. दैवशालाबाईंनी विहिणीकडे पाहिलं.

"बिलकुल न्हाई. अजून डोक्यावर दोन घागरी घेऊन चालते मी."

गॅसची भूल चढली आणि काळजानं बाईंना उघडं पाडलं. ठोके वेडेवाकडे पळू लागले. मदीहा डॉक्टरांनी सर्जनचा हात थांबवला, गॅस कमी केला, शिरेतून औषध सोडलं आणि नर्सला बाहेर नातेवाइकांना विचारायला पिटाळलं. पेशंटला आधी असं कधी झालं होतं का?

बाहेर बाकावर शीतल आणि शालूबाई शेजारी-शेजारी बसलेल्या. कुणाला सांगायचं नाही, अशी आईनं शीतलला गळ्याची शपथ घातली होती. तिनं एकवार शालूबाईंकडे पाहिलं आणि धडधड, देवळात आलेली चक्कर, गोळ्यांचं नाव, सगळं सांगून टाकलं.

ठोके ताळ्यावर आले, खडेही निघाले. शुद्ध येताच बाईंनी विचारलं, विहिणीला काही कळलं का? विहीण उशाशीच होती.

"समदं कळलं," शालूबाई म्हणाल्या. "तुमी तर तोंडावर खोटं बोलल्या. पर पोरगी सोयरीक मोडंल म्हणून गप न्हाई बसली. मला तिला घरी न्यायचंय, तुमाला थोडीच."

बाईंना हायसं वाटलं आणि लाजही वाटली.

"मंग कोठीतल्या त्या गोळ्या," त्या हळूच म्हणाल्या, "कुणाला तरी आणायला लावा."